इन्सुलेशन ठरवण्याआधी गाडी वाळणार कशी ते ठरवा

ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारले आहे: "बेकरीचा माल वाहणारी, उंच छपराची, अकरा वर्षे वापरलेली डिझेल डिलिव्हरी व्हॅन मी घेतली आहे. तिचे मोटरहोम करून गुहागर तालुक्यातल्या घरी ठेवायचे, दिवाळीपासून मेपर्यंत किनाऱ्याने फिरायचे आणि पावसाळ्यात गाडी अंगणात उभी करायची, असा बेत आहे. बॉडीकाम करणाऱ्याने आतून ग्लासवूल, त्यावर प्लायवूड आणि त्यावर पीव्हीसी पॅनेल सुचवले आहे. हे इन्सुलेशन बरोबर आहे का? छपरावर एसी बसवावा का?"

दोन्ही प्रश्नांचे थोडक्यात उत्तर "नाही" असेच आहे. पण तेवढे सांगून भागणार नाही, कारण आपण विचारले आहे उकाड्याबद्दल आणि आपल्या गाडीला खरी भीती आहे पाण्याची. ते वरून पावसाचे येते, खालून खारे उडते आणि आतून आपल्याच श्वासाचे सुटते. या तिन्हींचा बंदोबस्त झाला तर इन्सुलेशन कोणतेही चालून जाते. तो झाला नाही तर उत्तमातले उत्तम इन्सुलेशनही गंज झाकण्याचे साधन ठरते.

मी रत्नागिरीजवळ बावीस वर्षे गाड्यांचे बॉडीकाम करतो. त्यातली पहिली दहा वर्षे मुख्यतः मिरकरवाडा बंदरावरून मासळी उचलणाऱ्या गाड्यांवर गेली. मोटरहोमची कामे नंतर आली, पण त्यांचे शिक्षण मला मासळीच्या गाड्यांनीच दिले. अशा गाडीचा तळ वरून धुतला जातो, रोज स्वच्छ दिसतो, आणि एके दिवशी हमालाचा पाय त्यातून खाली जातो. बर्फाचे खारे पाणी तळाच्या दुहेरी पत्र्यात शिरते, बाहेर पडायची भोके मासळीच्या खवल्यांनी आणि चिखलाने बुजलेली असतात, आणि आत साठलेले पाणी पत्रा खालच्या बाजूने खात राहते. वरचा रंग शेवटपर्यंत शाबूत असतो. पाणी येणे थांबवता येत नसेल, तर त्याला जायला वाट ठेवावी आणि ती वाट डोळ्यांना दिसेल अशी ठेवावी, हे त्या गाड्यांनी शिकवलेले तत्त्व मी पुढे सगळीकडे वापरले.

एकदाच ते विसरलो, ते स्वतःच्या गाडीत. आपल्याला बॉडीवाल्याने सुचवले आहे नेमके तसेच काम मी माझ्या पहिल्या मोटरहोमला केले होते: ग्लासवूल, वर प्लाय, वर पॅनेल, सांध्यांना सिलिकॉन. दोन वर्षे गाडी झकास दिसत होती. तिसऱ्या पावसाळ्यानंतर मागच्या पलंगाच्या डोक्याशी एक पॅनेल फुगलेले दिसले म्हणून स्क्रू काढले, तर ग्लासवूलचा ओला गोळा धपकन गादीवर पडला. पिळला असता तर तांब्याभर पाणी निघाले असते. त्याच्या मागे छपराच्या आडव्या पट्टीवर बोट दाबले तेव्हा तपकिरी पापुद्रे सुटून हातात आले आणि एका जागी चक्क आभाळ दिसले. पाऊस आत आलेला नव्हता. ते भोक पापुद्रे सुटल्यावर उघडे पडले; बाकी छप्पर वरून कुठेही गळत नव्हते, मी पाइपने पाणी मारून तपासले. ते सगळे पाणी आतल्या हवेतले होते.

याचे गणित सोपे आहे. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर साधारण २६ अंशांच्या खाली गेलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर पाणी सुटते. आपल्याकडे पावसाळ्यात हवा सदाच अशी जड असते आणि पावसाच्या सरीने छपराचा पत्रा काही मिनिटांत गार होतो. आत दोन माणसे झोपली की रात्रभरात अर्धा लिटर किंवा त्याहून थोडे जास्त पाणी श्वास-घामावाटे हवेत मिसळते. गॅसवर स्वयंपाक केला तर त्यात भर पडते, कारण एक किलो गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ही वाफ ग्लासवूलमधून सहज आरपार जाते, गार पत्र्याला भेटते, तिथे पाणी होते आणि कापसासारख्या त्या थरात अडकून बसते. प्लाय आणि पॅनेल लावल्यामुळे तिथे वारा पोचत नाही. गाडी वर्षभर रोज रस्त्यावर असती तर ती कदाचित वाळलीही असती. आपली गाडी तर पावसाळाभर बंद उभी राहणार आहे.

थंड देशांतल्या गाड्यांचे व्हिडिओ पाहून इथे काम करणारे बरेच जण याच ठिकाणी फसतात. तिथे आत शेकोटीसारखी ऊब आणि बाहेर बर्फ असतो, म्हणून जाड थर लागतात. कोकणात आतल्या-बाहेरच्या हवेत फरक थोडाच असतो. त्रास होतो तो उन्हाने तापलेल्या छपराचा. त्यावर थराच्या जाडीपेक्षा सावली जास्त कामाची. छप्पर पांढरे रंगवावे, आणि सौर पॅनेल छपराला चिकटवून न बसवता दोन-अडीच इंच उंच पट्ट्यांवर बसवावेत, म्हणजे त्यांची सावली पत्र्यावर पडते आणि मधून वारा खेळतो. एप्रिलच्या दुपारी पॅनेलखालच्या आणि उघड्या पत्र्याला आतून हात लावून पाहिला की फरक लगेच कळतो.

आतून लावायचेच असेल तर बंद छिद्रांचा फोम लावावा. नायट्राइल रबर किंवा एक्सएलपीईची (पॉलिथिनच्या घट्ट फोमची) १० ते १५ मिलिमीटर जाडीची शीट पुरते. ती पत्र्याला पूर्ण चिकटली पाहिजे, मध्ये हवेचा फुगा राहता कामा नये, कारण दमट हवा पत्र्यापर्यंत पोचूच द्यायची नाही हाच तिचा उपयोग आहे. मात्र छपराच्या आडव्या पट्ट्या, खांब आणि दारांखालच्या पोकळ्या फोमने कधीही भरू नयेत. त्या पोकळ राहू द्याव्यात, त्यांत लांब नळीच्या फवाऱ्याने मेण सोडावे आणि खालची भोके तारेने मोकळी करावीत. आतले अस्तर स्क्रूवर बसवावे, गोंदावर नाही. प्रत्येक पॅनेल एका माणसाला अर्ध्या तासात काढता आले पाहिजे. बॉडीवाल्याला हे आवडणार नाही, कारण स्क्रूची डोकी दिसतात आणि काम घरच्या फर्निचरसारखे गुळगुळीत वाटत नाही. दिसू द्यावीत.

हे सगळे पत्रा धड असेल तर. अकरा वर्षांची गाडी म्हटल्यावर आधी बेकरीवाल्यांनी टाकलेला तळ, मॅट आणि रॅक पूर्ण उखडा. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. समोरच्या काचेची खालची कड, मागच्या दारांचा तळ, चाकांवरच्या कमानींचे सांधे, पायरीची मागची बाजू, बॅटरीची बैठक आणि छपराचे गटर या जागा आधी पाहाव्यात. जिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून रंग मारलेला आढळेल तिथे ती खरवडून काढाच, कारण विक्रीआधी गंजावर लांबी थापणे ही आपल्या धंद्यातली जुनी खोड आहे. वरवरचा गंज वायर ब्रशने काढून गंज रूपांतरक आणि त्यावर एपॉक्सी प्रायमर द्यावा. भोक पडले असेल तर कुजका भाग कापून नवा पत्रा वेल्डिंगने बसवावा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या तारा सोडायला कारागिराला आठवण करावी. सांध्यांना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन वापरू नये. ते सुकताना आम्ल सोडते आणि उघड्या पत्र्यावर तिथूनच गंज धरतो. पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट वापरावे. लोखंडी पत्र्यावर अॅल्युमिनियमची पट्टी थेट रिव्हेट करू नये, खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना टेकले की त्यांतला एक झिजतोच. मध्ये रबराची पट्टी किंवा सीलंटचा थर असावा.

माझ्या मते एकूण खर्चाच्या शंभर रुपयांतले चाळीस पत्रा, चाके, ब्रेक आणि पाटे (चाकांवरच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांवर जावेत, तेही पलंगाची फळी कापण्याआधी. लोक नेमके उलट करतात. स्वयंपाकाच्या ओट्याला ग्रॅनाइट बसवून माझ्याकडे आलेली एक गाडी मी पाहिली आहे. तिचा हँडब्रेक लागत नव्हता.

आता कागदांचे. हे पत्र्याच्याही आधी यायला हवे होते, पण कंटाळवाणे असल्याने मध्ये घेतले. आपली गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असणार. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांबाबत हेच स्पष्ट केले. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे मोटरहोमसाठी, एआयएस-१२४ हे वाहन उद्योगाचे वेगळे मानक आहे. राज्याचे २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरण लोक पुढे करतात, पण त्याचा रोख पर्यटन व्यवसायाकडे आहे. त्यामुळे खासगी गाडीतले बदल आपोआप मान्य होत नाहीत. म्हणून गाडी कापण्याआधी, खिडकी पाडण्याआधी, आराखडा घेऊन आपल्या आरटीओत जावे आणि काय चालेल ते लेखी घ्यावे. नोंदणी मालवाहू राहिली तर आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग करावे लागते, आणि चालत्या गाडीत मागे माणसे बसवता येत नाहीत. पलंग, कपाट सुटे ठेवून काढता येण्याजोगे करणारे बरेच आहेत; मीही तसे करून देतो, पण ती नियमातली पळवाट समजू नये. विमा कंपनीलाही बदल आधी कळवावेत. अपघातानंतर तो कळला तर दावा अडतो, आणि तेव्हा आमच्यासारख्या कारागिराचे बिल कोणी विचारत नाही.

आतली मांडणी आपल्या सवयींवर अवलंबून आहे, तिथे मी फार बोलणार नाही. दोनच गोष्टी सांगतो. पलंगाचा तळ सलग प्लायचा करू नका; फळ्यांमध्ये दोन बोटे अंतर ठेवा किंवा सरळ नवारीची चौकट बसवा, नाहीतर गादीला खालून बुरशी धरते. आणि कोणतेही कपाट पत्र्याला चिकटवून नको. मागे बोटभर फट आणि वर-खाली झरोके हवेत. प्लाय मरीन ग्रेडचे घ्यावे, त्याच्या कापलेल्या कडांना रंग किंवा वॉर्निश भरपूर पाजावे, कारण पाणी कडेनेच शिरते.

वजन मात्र मोजलेच पाहिजे. १२ मिलिमीटर प्लायची आठ बाय चारची एक शीट साधारण २५ किलो भरते. आठ शीट लागल्या की २०० किलो झाले, शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे आणखी १००. बेकरीचे पाव हलके असतात, त्यामुळे त्या गाडीचे पाटे आणि ब्रेक इतकी वर्षे फारसे दमलेलेच नाहीत, असेही असू शकते. पण आता हे वजन रोज, चोवीस तास त्यांच्यावर राहणार आहे. काम संपल्यावर भरल्या टाकीसह वजनकाट्यावर जा, पुढची चाके आणि मागची चाके वेगवेगळी तोला आणि नोंदणीपत्रातल्या आकड्यांशी ताडून पाहा. टाकी मागच्या चाकांच्या मागे नको, दोन चाकांच्या मध्ये हवी. याचे एक कारण घाटातला तोल. दुसरे अगदी आपल्या भागातले आहे: दाभोळ-धोपावे फेरीबोटीने आपण जाल, आणि ओहोटीला जेटीवरून चढताना शेपटाखाली लटकणारी टाकी पहिली घासते. परशुराम घाटासारख्या उतारावर दुसऱ्या गिअरवर उतरावे. ब्रेकवर पाय ठेवून आलेली जड गाडी खाली पोचेपर्यंत ब्रेकचा वास सोडते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे, चाललेले किलोमीटर कितीही कमी असले तरी.

एसीचे उत्तर विजेच्या हिशेबात आहे. छपरावरचा एसी सुमारे १,००० वॉट घेतो असे धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून सतत नव्वद-शंभर अँपिअर जातात. १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी म्हणजे सुमारे १,२८० वॉट-तास, ती साधारण तासाभरात रिकामी. रात्रभर एसी चालवायला लागणाऱ्या बॅटऱ्या आणि पॅनेलचा खर्च व वजन या गाडीला शोभणारे नाही. शिवाय त्यासाठी छपराला मोठे भोक पाडावे लागते, आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा आपला पाऊस अशा भोकाचाच शोध घेत असतो. दोन १२ व्होल्टचे पंखे, समोरासमोर जाळीची खिडकी, आणि एक छोटा छताचा एक्झॉस्ट एवढे पुरते. घरी किंवा मुक्कामी वीज जोडता येत असेल आणि मे महिना सोसतच नसेल, तर खिडकीतला छोटा एसी तेवढ्यापुरता लावावा. वायरिंगसाठी कलई केलेल्या तांब्याची तार घ्या; साधी तार किनाऱ्यावर दोन-तीन वर्षांत आवरणाच्या आतून काळी पडते आणि मग दोष सापडता सापडत नाही. मुख्य फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा.

गॅसबद्दल एकच सांगतो, पण ते गांभीर्याने घ्यावे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला तळात बाहेर उघडणारे भोक हवे, आणि ते गालिच्याने किंवा चपलांच्या ढिगाने बुजता कामा नये. मी बहुतेकांना बाहेर, मागच्या दारात शेगडी मांडायला सांगतो. स्वयंपाकाची वाफही बाहेरच राहते.

आता गाडी सांभाळण्याबद्दल, कारण आपण विचारले नसले तरी आपल्या बेतातला सगळ्यात कठीण भाग तोच आहे. किती काळजी घ्यावी हे घर कुठे आहे यावर अवलंबून आहे. सड्यावरच्या (उंच कातळपठारावरच्या) घरी वारा खेळता असतो, खाडीकाठी ओलावा बसून राहतो, आणि पुळणीच्या (किनाऱ्यावरच्या वाळूच्या) लगतच्या वाडीत तर खिडकीच्या लोखंडी गजांवरूनच आपल्याला अंदाज येईल. पुळणीत गाडी घालूच नये. रुतते, आणि खारी वाळू पोकळ्यांत जाऊन बसते. तरी किनाऱ्याजवळ मुक्काम झालाच तर परतल्यावर विहिरीच्या गोड्या पाण्याने गाडी खालून धुवावी, वरून नव्हे. चेसिसवर जळके ऑइल मारायची आपल्याकडे पद्धत आहे. ते रबराचे बुश फुगवते आणि पहिल्या पावसात अंगणातून विहिरीकडे जाते. मेणाचा थर त्यापेक्षा महाग पडतो, तरी तोच द्यावा.

पावसाळ्यात गाडीवर ताडपत्री गुंडाळू नये. आत घाम साठतो आणि फडफडून रंग घासला जातो. चारही बाजूंनी उघडी, पत्र्याची किंवा झावळ्यांची शेड हवी, आणि खाली माती-गवत नको, चिरा किंवा काँक्रीट हवे. नारळाखाली गाडी उभी करण्याचा मोह टाळावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडच्या बागा आडव्या झाल्या, आणि वादळ नसतानाही एक नारळ छपराचे काम करून जातो. घर नदीकाठच्या सखल भागात असेल तर जागाच बदला; २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पुराच्या पाण्यात गेलेल्या गाड्यांचे इंजिन आम्ही महिनोन्‌महिने खोलत होतो. गादी, उशा आणि पडदे घरात माळ्यावर न्यावेत, कपाटांची दारे उघडी ठेवावीत, झरोक्यांना बारीक जाळी मारावी. उंदीर ओल्या दिवसांत कोरडी जागा शोधतात आणि तारांवर दात लावतात. हँडब्रेक ओढून ठेवू नका, ड्रममध्ये लायनर चिकटून बसतो. गिअरमध्ये टाकून चाकांना लाकडी ठोकळे लावा. डिझेलची टाकी भरून ठेवा, रिकाम्या टाकीच्या भिंतींना पाणी सुटते. लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर सोडवून ठेवावी; इंजिनची साधी बॅटरी मात्र पूर्ण चार्ज हवी. पंधरा दिवसांतून एकदा गाडी रस्त्यावर काढून अर्धा तास चालवावी. अंगणात नुसते इंजिन घुरघुरवल्याने ना ब्रेक मोकळे होतात ना सायलेन्सरमधले पाणी जाते.

कामाची वेळ म्हणाल तर पत्रा आणि प्रायमर पावसाळ्यात करू नये, ओलावा रंगाखाली कोंडला जातो. दिवाळीनंतर हवा कोरडी होते, तेव्हा सुरुवात करावी. दरम्यान एक गोष्ट आपण फुकटात करू शकता. सध्या गाडी आतून उघडीच आहे, तर भर पावसाच्या एका रात्री दोघांनी तिच्यात सतरंजी टाकून झोपावे, दारे नेहमी लावाल तशी लावावीत. पहाटे उठल्यावर उजेड होण्याआधीच टॉर्च घेऊन छपरावर, खांबांवर आणि कोपऱ्यांत तळहात फिरवावा, आणि जिथे जिथे हात ओला होईल ती जागा वहीत गाडीची आकृती काढून नोंदवावी. ते पान बॉडीवाल्याला दाखवा, किंवा मला पाठवा. फोम कुठे, झरोका कुठे आणि पंखा कुठे, हे त्यावरून ठरवता येईल.